तीनदा पुकारूनही गैरहजर

हा मजकूर मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. नोकरीच्या काळात हे वाक्य मी इतक्या प्रतिज्ञापत्रांवर पाहिले की त्याचा अर्थ तपासावा असे कधी वाटले नाही. अलीकडे मात्र त्यातल्या 'पूर्ण शुद्धीत' या शब्दांपाशी माझा हात थांबतो, आणि तो का थांबतो हे सांगणे मला भाग आहे.

मला चिंताविकार आहे. त्यात अचानक येणारे भीतीचे झटकेही आहेत. 'होता' असे मी लिहीत नाही, कारण उपचार अजून चालू आहेत आणि खोटे विधान करण्याची मला सवय नाही. ज्यांना हा आजार झाला आहे आणि जे माझ्यासारखेच तो नाकारत बसले आहेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरात त्यांना रोज सोसणाऱ्या माणसांसाठी हे लिहितो. गोड शब्द हवे असतील त्यांनी दुसरीकडे पाहावे.

वाट

माझे गाव जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या अलीकडे. मी दिवाणी न्यायालयात कारकून होतो. आमची वस्ती बौद्धांची. वडिलांच्या पिढीने धम्म स्वीकारला, पण मेलेल्यांची जागा गावाने पूर्वी नेमून दिली होती तीच राहिली: ओढ्यापलीकडचा माळ. तिकडे जाणारी वहिवाटीची वाट जालिंदररावांच्या शेताच्या कडेने जाते आणि दगडी फरशीवरून ओढा ओलांडते. जालिंदररावांच्या विहिरीला पाणी लागले. त्यांनी तिथे ऊस केला, वाट नांगरात घेतली आणि तारेचे कुंपण घातले. फरशी कुंपणाच्या आत गेली. आता आमच्या माणसाला न्यायचे तर खाली ओढ्याच्या पात्रात उतरावे लागते.

मी पत्रे लिहिणारा माणूस आहे. बंद झालेली एसटीची फेरी असो, रेशन दुकानातला काटा असो किंवा शाळेचे गळके छत असो, मी लिहितो. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र लिहितो आणि तरीही आले नाही तर वरच्या कार्यालयाला लिहितो. माझ्या रागाने कधी कोणावर हात उगारला नाही, तो कागदावरच उतरला. याही वेळी मी मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांपुढे अडथळा दूर करण्याचा अर्ज दाखल केला. अर्जदार मी एकटाच. वस्तीतली कर्ती माणसे ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जातात. तारखेला जागेवर सापडेल असा मीच.

"नाना, तुमी बोला," सगळे म्हणाले. "आमाला तितं शबुद फुटायचा न्हाई."

म्हणजे मला बोलता येणे, एवढ्या एका गोष्टीवर ती वाट अवलंबून होती. पुढचे सगळे हे ध्यानात ठेवून वाचावे.

झेरॉक्सच्या दुकानात

जालिंदररावांचे लेखी म्हणणे माझ्या हाती आले त्या दिवशी मी त्याच्या प्रती काढायला जामखेडला झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. कागदावर वाक्य होते, "सदर ठिकाणी कधीही रस्ता अस्तित्वात नव्हता." याच वाटेने माझ्या आईला नेले होते. मी ते वाक्य वाचले, पुन्हा वाचले, आणि माझ्या हाताची बोटे बधिर झाली.

मग छातीवर कोणी गुडघा रोवून बसल्यासारखे झाले. श्वास आत जाईना. यंत्राचा आवाज कानात वाढत गेला, दुकानदाराचे तोंड हलताना दिसले पण शब्द पोचले नाहीत, आणि मला खात्री पटली की मी आता मरणार. ज्याला हे झाले नाही तो म्हणेल, तसे वाटले असेल. तसे वाटले नव्हते. न्यायालयाचा निकाल कळावा तसे ते मला कळले होते.

गाडी करून मला नगरला नेले. बीड रस्त्याचे खड्डे मी त्या दिवशी पाठीने वाचले. हृदयाच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. माझी पत्नी सुमन पिशवीत चादर, तांब्या आणि माझा चष्मा घेऊन दाराशी बसली होती. डॉक्टर म्हणाले, "हार्ट एकदम ओके आहे. टेन्शन घेऊ नका, जेवणात तिखट कमी करा."

सुमनने हात जोडले. मला मात्र संताप आला. मी मरता मरता आलो होतो आणि हा मनुष्य म्हणत होता की काहीच घडले नाही. खोटेपणाचा असा आरोप माझ्यावर आजवर कोणी केला नव्हता. घरी परतताच मी त्या दवाखान्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले आणि 'टेन्शन' या निदानाला वैद्यकीय आधार काय, याचा खुलासा मागितला. उत्तर आले की आपल्या पत्राचा बोध होत नाही.

झटके येत राहिले. एकदा एसटीत आला तेव्हा मी मधल्याच फाट्यावर उतरलो आणि उन्हात बाभळीखाली बसून राहिलो. त्यानंतर मी एसटीत बसणे सोडले. मग आठवडी बाजार सोडला, मग विहारातली रविवारची वंदना. कोणी विचारले तर कामाचा व्याप सांगायचो. पहाटे जाग येई तेव्हा जबडा आवळलेला असे. ज्या ज्या जागी झटका येईल असे वाटे ती जागा मी माझ्या नकाशातून काढून टाकत होतो, आणि त्याला सावधगिरी म्हणत होतो. आजार ओळखण्याची खूण मला कोणी विचारली तर मी छातीच्या धडधडीआधी हीच सांगेन: आपला नकाशा लहान होऊ लागतो आणि आपण प्रत्येक वेळी त्याचे सबळ कारण देतो.

निदान

सुमनच्या भाचीने नगरच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. मला सांगितले होते, श्वासाचे डॉक्टर आहेत. दारावरची पाटी वाचून मी परत फिरलो. सुमन म्हणाली, "मी आत चालले. तुमी बसा गाडीत." ती खरेच आत गेली. मग मलाही जावे लागले.

डॉक्टर तरुण होत्या. "काका, किती दिवसांपासून होतंय असं?"

"मी आपला काका नाही. आपण मला नावाने संबोधावे."

"बरं, यशवंतराव. कशाची भीती वाटते?"

"मला भीती वाटत नाही. मला राग येतो, आणि तो येण्यास पुरेसे कारण आहे."

कोपऱ्यातून सुमन म्हणाली, "वाटती. घराची कडी मला फिरफिरून बघाय लावत्यात. फोन वाजला की अंगावर काटा येतो त्यांच्या. मी भाजी आणाय गेले तरी दारात हुबे ऱ्हात्यात."

"साक्षीदाराला अद्याप कोणी प्रश्न विचारलेला नाही," मी म्हणालो.

"मी साक्षीदार न्हाई. मी बायको हाय."

डॉक्टर हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांनी शांतपणे सांगितले की याला चिंताविकार म्हणतात. माझ्या शरीरातली धोक्याची घंटा धोका नसतानाही वाजते, आणि एकदा वाजली की ती वाजण्याचीच धास्ती लागते. हृदयवाल्या डॉक्टरांनी खोटे सांगितले नाही आणि मीही खोटे सांगत नाही. गोळ्या लागतील, नियमित बोलणे लागेल, आणि ज्या जागा सोडल्या त्या हळूहळू परत घ्याव्या लागतील.

मी एकच विचारले, "कागदावर काय लिहिणार?"

"जे आहे ते."

"छातीत दुखणे असे लिहावे."

"ते लक्षण आहे, यशवंतराव. आजार नाही. मी खोटं लिहीत नसते. आणि कागद तुमचा आहे, मी कोणाला दाखवणार नाही."

इथे माझ्या डोक्यात काय चालले होते ते नीट मांडतो. कारण ही चूक न्यायालयात आयुष्य काढलेला माणूसच करू शकतो. ज्याचे मन ठिकाणावर नाही त्याला स्वतःच्या नावाने दावा चालवता येत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी उभे राहावे लागते. कायद्यात त्याला 'वादमित्र' असा गोड शब्द आहे. मला दिसू लागले की जालिंदररावांचे वकील तो कागद तहसीलदारांपुढे धरत आहेत. अर्जदार वेडा आहे, त्याची साक्ष कसली, त्याची वाट कसली. आमच्या वस्तीला बोलणारा एकच माणूस, आणि त्यालाच मुका ठरवणारा पुरावा मी स्वतः हस्ताक्षरासह विकत घेतो आहे.

बाहेर येऊन मी तो कागद फाडला. सुमनने वाकून तुकडे गोळा केले आणि पदराच्या टोकाला बांधले. गोळ्या घ्यायच्या नाहीत, औषधाच्या दुकानात जायचे नाही, कोणाला एक अक्षर सांगायचे नाही, असे मी तिला बजावले. ती म्हणाली, "आन तुमी मेल्यावर काय सांगू?"

मी गाडीत जाऊन बसलो.

घर

आजारी माणूस आपल्या आजाराबद्दल बोलतो, घराबद्दल बोलत नाही. मी बोलणार आहे, कारण घराचा यात काही दोष नव्हता.

सुमन सतत माझ्या वतीने कारणे देत राही. मुलीकडचे बारसे आले तेव्हा तिने माझी गुडघेदुखी सांगितली आणि स्वतःही गेली नाही, कारण मी तिला एकटीला जाऊ देईना आणि सोबत जाईना. ती जरा उशिरा आली की मी फाटकापर्यंत जाऊन तिच्यावर ओरडे. ओरडलो की छाती मोकळी होई. त्यामुळे मी अधिकच ओरडू लागलो. घरात भांडे पडले तरी चौकशी बसे. तिने बोलणे कमी केले, मग जेवण कमी केले, मग एक दिवस तिची बाज स्वयंपाकघरात नेली.

"इथे धूर होतो," मी म्हणालो.

"धूर परवडला," ती म्हणाली.

त्या दिवसांत मी अफाट पत्रे लिहिली. ज्यांचा काही संबंध नव्हता अशा कार्यालयांनाही लिहिली. एक दिवस सुमनने पाकिटांना खळ लावता लावता विचारले, "एवढ्या अर्जांत मी कुटं हाय का?" तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. खरेच माहीत करून घ्यायचे असावे, असा होता. तो प्रश्न मी निकाली काढू शकलो नाही. तो अजून प्रलंबित आहे.

तारीख

सुनावणीच्या दिवशी माझ्या भाच्याच्या गाडीने आम्ही जामखेडला पोचलो. मी पांढरा सदरा घातला होता, कागद लावून घेतले होते, युक्तिवाद पाठ होता. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. समोर जालिंदरराव आणि त्यांचे वकील होते. जालिंदररावांनी मला नमस्कारही केला. "काय नाना, तब्येत उतरली तुमची," म्हणाले.

तेवढ्यावर सुरू झाले. तब्येत, म्हणजे याला माहीत आहे. कोणी सांगितले? सुमनने? भाच्याने? बोटे बधिर झाली. मी उठलो आणि व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या स्वच्छतागृहात जाऊन कडी लावली. भिंतीला कपाळ टेकले. घाम इतका आला की कागदांची वरची पाने ओली झाली. मी मरत होतो, पुन्हा एकदा, आणि या वेळी मला हेही कळत होते की मी मरत नाही, आणि त्या कळण्याचा काडीचा उपयोग होत नव्हता.

तेव्हा पुकारा झाला.

न्यायालयात मी हा आवाज आयुष्यभर ऐकला आहे. शिपाई दारात येतो, पक्षकाराचे नाव घेतो, थांबतो. पुन्हा घेतो. तिसऱ्यांदा घेतो. त्यानंतर आत रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशी काय घडले त्याच्या नोंदीत, एक ओळ लिहिली जाते.

"अर्जदार यशवंत किसन, हाजिर हो."

मी तोंड उघडले. आवाज आला नाही. ओठ हलत होते, पण घशातून नुसती हवा जात होती.

दुसऱ्यांदा नाव आले. बाहेर सुमन कोणाला तरी सांगत होती, "हायत हो, हितंच हायत, आलेच." ती दारावर थापा मारू लागली. "अहो, बोलावत्यात. अहो." मी कडीला हात घातला. बोटांना कडी ओढता येईना.

तिसऱ्यांदा नाव आले. मग व्हरांड्यात पुढच्या प्रकरणाचे नाव पुकारले गेले.

मी बाहेर आलो तेव्हा सगळे संपले होते. नक्कल नंतर मिळाली. अर्जदार तीनदा पुकारूनही गैरहजर, अर्ज नामंजूर. नोंद कायदेशीरदृष्ट्या निर्दोष होती. कारकून म्हणून मी तिथे बसलो असतो तर मीही ती तशीच लिहिली असती.

पारूआत्या

भाद्रपदात पारूआत्या गेली. माझी चुलत आत्या, वस्तीतली सर्वांत थकलेली बाई. माझ्या अर्जाची तारीख कधी, हे तीच प्रत्येक वेळी विचारायची. "मला त्या फरशीवरनं न्या रे बाबांनो. पान्याचं लई भ्याव वाटतं मला," असे हसत हसत म्हणायची.

ओढ्याला पाणी होते. कुंपणाची तार तशीच होती. जालिंदररावांकडे दोघेजण विनवायला गेले. अर्ज नामंजूर झाल्याचा कागद त्यांनी दारातूनच दाखवला. वाट नव्हतीच, असा निकाल लागलाय म्हणाले. तसा निकाल लागलेला नव्हता. निकाल एवढाच होता की मी आलो नाही. पण हे सांगायला त्या दोघांपाशी शब्द नव्हते, आणि ज्याच्यापाशी होते तो घरात बसला होता.

त्रिसरण-पंचशील म्हणून झाल्यावर तिला उचलले. मी काठापर्यंत गेलो. माणसे पाण्यात उतरली तसे पाणी कमरेला लागले, एकाचा पाय घसरला आणि तिरडी एका बाजूने पाण्याला टेकली. आत्याचे पांढरे कापड भिजले. पलीकडे चढताना चिखलात त्यांचे पाय रुतत होते आणि ते तिला वरच्या वर एकमेकांकडे सरकवत होते.

मला त्या दिवशी झटका आला नाही. तो आला असता तर बरे झाले असते. मी काठावर उभा राहिलो आणि सगळे नीट पाहिले. परत येताना सुमनने पदराचे टोक सोडून कागदाचे तुकडे माझ्या हातावर ठेवले. इतके दिवस ती ते एका लुगड्यातून दुसऱ्या लुगड्यात बांधत आली होती.

"चला," ती म्हणाली.

कक्ष

डॉक्टरांनी मला काही दिवस दाखल करून घेतले, कारण माझे जेवण आणि झोप दोन्ही सुटले होते. कक्षाची मला फार धास्ती होती. तिथे गज असतील, आरडाओरडा असेल असे वाटले होते. तिथे फिनेलचा वास होता, सकाळी चहा होता, आणि चटणी मागणारे पेशंट होते. माझ्या शेजारच्या खाटेवर श्रीगोंद्याकडचे एक गृहस्थ होते. कारखान्यात काट्यावर होते, वजनाची चूक होईल या भीतीने त्यांना ड्युटीवर जाता येईना झाले होते. मी कोर्टातला आहे हे कळल्यावर त्यांनी विचारले, "साहेब, कायद्यात आपुन बसतो का?"

"कशात?"

"येड्यांत."

मला त्यांना ठाम उत्तर द्यायचे होते, म्हणून मी तरतूद आठवून शब्दशः म्हणून पाहू लागलो. आजारामुळे ज्याला आपले हित जपता येत नाही, आणि चौकशी करून तसे ठरवले गेले आहे, त्याच्यासाठी वादमित्र. चौकशी करून. डॉक्टरांच्या एका कागदावरून नव्हे. चिंता वाटते म्हणून तर नव्हेच. ही तरतूद मी नोकरीत कितीतरी वेळा हाताळली होती. पण गेले कित्येक महिने ती मी वाचतच नव्हतो. भीती माझ्या वतीने कायदा वाचत होती आणि मी तिच्या प्रत्येक अर्थाखाली सही करत होतो.

"नाही बसत," मी त्यांना सांगितले.

"लेखी द्याल का?"

मी दिले. त्यांनी ते घडी घालून उशीखाली ठेवले.

गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, तोंड कोरडे पडले, आणि मी डॉक्टरांना तक्रारीचे पत्र लिहिले. त्यांनी ते वाचून त्याखाली एकेका मुद्द्याचे उत्तर लिहून दिले. इतक्या वर्षांत मला मिळालेले हे पहिले मुद्देसूद उत्तर. त्यांनी शिकवलेल्या गोष्टी साध्या आहेत. झटका आला की पळायचे नाही, जागा सोडायची नाही. श्वास घेण्याची धडपड करायची नाही. सोडण्याकडे लक्ष द्यायचे, चुलीवर फुंकर घालावी तसा सावकाश सोडायचा. झटका चढतो, टिकतो आणि उतरतो. आपण कडी लावून बसलो तर आपल्याला कधीच कळत नाही की तो उतरणारच होता.

एका गोष्टीवर आमचे एकमत झाले नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या रागाखाली भीती आहे. मी म्हणालो, काही रागाखाली असेल. कुंपणाबद्दलच्या रागाखाली कुंपण आहे. यावर त्या म्हणाल्या, "तो ठेवा मग. पण सुमनताईंवर काढायचा नाही." ही अट मी मान्य केली. पाळतो असे म्हणवत नाही. पाळण्याचा प्रयत्न करतो.

प्रतिज्ञापत्र

नामंजूर अर्ज पुन्हा दाखल करून घेता येतो. मात्र टाळता न येण्याजोग्या कारणामुळे हजर राहता आले नाही हे मुदतीत, पुराव्यासह सिद्ध करावे लागते. मुदत संपत आली होती.

भाचा म्हणाला, "नाना, ताप होता म्हणून टाका. गावातले डॉक्टर सर्टिफिकेट देतात, विचारून ठेवलंय."

मी त्याच्याकडे रागाने पाहिले नाही. मलाही तेच सुचले होते. ताप कोणाला लाज आणत नाही. तापाला वादमित्र लागत नाही. पण ज्या माणसाने "रस्ता कधीही नव्हता" या वाक्याविरुद्ध दाद मागितली, त्याने "मला ताप होता" या वाक्यावर शपथ घ्यायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोटेच दाखल व्हायचे. शिवाय कचेरीतल्या साऱ्यांनी मला स्वच्छतागृहात जाताना पाहिले होते.

सुमनला विचारले. ती म्हणाली, "लिवा खरं. मी बी थकले आता गुडघं दुखत्यात म्हनून सांगाय."

मी लिहिले. माझ्या आयुष्यातला सर्वांत छोटा अर्ज तो. मला चिंताविकार आहे. सुनावणीच्या वेळी झटका आल्याने मी कचेरीच्याच आवारात असूनही पुकाऱ्याला उत्तर देऊ शकलो नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. सही केली. अक्षर हलले होते, ते तसेच ठेवले.

जालिंदररावांच्या वकिलांनी ते भर कचेरीत मोठ्याने वाचले. मला जे दिसत होते नेमके तेच घडले. "साहेब, अर्जदार स्वतःच म्हणतात की त्यांच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे." मागे कोणीतरी हसले. जालिंदरराव हसले नाहीत. ते खिडकीबाहेर पाहत होते.

छातीवर गुडघा आला. बोटे गेली. मी खुर्चीची पाठ धरली आणि श्वास सोडला, सावकाश, मग पुन्हा सोडला.

तहसीलदारांनी विचारले, "यावर तुमचं काय म्हणणं?"

"वकीलसाहेबांनी वाचताना एक शब्द बदलला," मी म्हणालो. आवाज फाटका होता. "डोक्यावर परिणाम असे मी लिहिलेले नाही. चिंताविकार असे लिहिले आहे. या आजाराने मला भीती वाटते. मला वाट आठवत नाही असे त्याने होत नाही. आत्ताही मला झटका आलेला आहे. आपण प्रश्न विचारावेत, मी उत्तरे देतो."

त्यांनी थोडा वेळ प्रमाणपत्र पाहिले आणि अर्ज पुन्हा दाखल करून घेतला. एवढेच झाले. वाट मोकळी झाली नाही. आज हे लिहीत असताना तार तशीच आहे, ऊस माझ्या डोक्याच्या वर गेला आहे, आणि गावात काही तोंडे मला पाहून वेगळ्या अर्थाने हसतात. वस्तीतला एक म्हातारा अंथरुणाला खिळला आहे. त्याच्या घरचे मला तारीख विचारतात आणि मी ती सांगतो. गोळ्या चालू आहेत. सुमनची बाज अजून स्वयंपाकघरातच आहे. तिने ती हलवावी असा अर्ज करण्याचा अधिकार मला अजून मिळालेला नाही.

पुढच्या तारखेला मी त्याच बाकावर बसणार आहे. सुमन शेजारी असेल. शिपाई दारात येईल आणि माझे नाव घेईल, तेव्हा छाती धडधडणार, बोटे जाणार, हे मी आताच नमूद करून ठेवतो. ते थांबण्याची मी वाट पाहणार नाही. पहिल्याच पुकाऱ्याला, जो असेल त्या आवाजात, मी म्हणेन: हजर आहे.